होडी ओढायला काठ शिल्लक ठेवा: नदीकाठच्या पंचायतींना खुलं पत्र

सरपंच, उपसरपंच आणि सगळ्या पंच मंडळींना नमस्कार,

हे पत्र कुणा एका पंचायतीला नाही. गोव्यातल्या मांडवी, झुआरी, शापोरा, तेरेखोल, साळ, तळपण, गालजीबाग आणि आमचा कुंभारजुव्याचा कालवा, ह्यांच्या काठाला ज्यांचे वॉर्ड लागतात त्या सगळ्यांना आहे. मी स्वतः कालव्याकाठचा. घरात नदीतली मासेमारी आज्यापासून, बाबा आता थकले, मी कंपनीत शिफ्टला जातो आणि सुट्टी असली की होडी काढतो, म्हणजे काढायचो. आता होडी नाही. ती कशी गेली ते आधी सांगतो कारण त्याच्यातूनच हे लिहायचं डोक्यात आलं.

दोन वर्षांमागे मे महिन्यात आमची होडी नेहमीसारखी काठावर उंडीच्या झाडाखाली उलटी घातली होती. दोन फळ्यांमधला सांधा सुटला होता, मेस्तकाका, म्हणजे होड्या बांधणारे आमचे सुतार, आठवड्याने येणार होते. तेवढ्यात काठाचं सुशोभीकरण निघालं. पेव्हर ब्लॉक, स्टीलचं रेलिंग, बसायला बाकडी. कामावरच्या लोकांनी सकाळी जेसीबी आणला आणि वाटेत पडलेलं सामान म्हणून होडी बाजूला लोटली. लोटली म्हणजे बकेट लावून उचलली आणि टाकली. नाळ, म्हणजे होडीचं पुढचं टोक, तुटली आणि खालचं आंब्याचं खोड आडवं तडकलं. खोड तडकलं की संपलं, फळी बदलता येते, खोड बदलता येत नाही. बाबा तिथे पोचले तेव्हा काम करणारा माणूस म्हणाला, हे जुनं लाकूड आहे ना, आम्हाला वाटलं कुणी टाकून दिलं. त्याच्यावर मला राग नाही आला खरं म्हणजे. त्याने होडी काठावर कधी बघितलीच नसणार, त्याला ती टाकलेलीच वाटणार. पण ज्यांनी कामाचा आराखडा पास केला ते ह्याच गावचे होते, त्यांच्या घरी ह्याच होडीतली शेवटं आणि काळुंद्र ही मासळी शिजलेली आहे. पंचायत कुठली ते मी लिहीत नाही, भांडण उकरायचं नाहीये. दुसऱ्या गावात असं होऊ नये एवढंच पाहिजे.

आता तिथे रेलिंग आहे, संध्याकाळी लोक फिरायला येतात, छान दिसतं, ते मी नाकारत नाही. पण शंभर-दीडशे मीटरच्या त्या पट्ट्यात होडी पाण्यातून वर ओढायला एकसुद्धा जागा ठेवलेली नाही. चार फूट उंच सरळ भिंत. उरलेल्या होड्या खारफुटीला बांधून ठेवतात, वर्षभर पाण्यात.

वर्षभर पाण्यात ठेवलेली लाकडी होडी किती टिकते हे तुमच्यातल्या बऱ्याच जणांना माहीत असेल, नसेल तर सांगतो. खाऱ्या पाण्यात लाकूड पोखरणारी कीड असते, ती शिंपल्याच्याच जातीची पण अंगाने गांडुळासारखी लांब, बाहेरून टाचणीएवढं भोक दिसतं आणि आतून फळीची चाळण झालेली असते. पावसात नदी गोडी होते तेव्हा ती मरते किंवा कमी होते, पण नोव्हेंबरपासून पाणी परत खारं व्हायला लागलं की तिचा हंगाम. म्हणून होडी वर काढायची, उलटी घालायची, बुडाला चिकटलेली कालवं खरवडायची, मग सुक्या झावळांचा जाळ करून बुडाखालून फिरवायचा. जाळ एवढाच की कीड आतल्या आत मरेल आणि लाकूड करपणार नाही, आणि हे हाताला कळतं, सांगून येत नाही, मला अजून नीट जमत नाही. त्यानंतर सांधे बघायचे, जुना काथ्या कुजला असेल तर काढून नवा ठोकायचा, कलफात करायची, म्हणजे फटी बुजवायच्या, वरून राळ आणि तेल. तेल म्हणजे माशाचं नाहीतर काजूच्या टरफलाचं, काळं, हाताला लागलं तर कातडी सोलवटते. आमच्याकडे हे काम मे महिन्यात व्हायचं आणि अख्ख्या वाड्याला त्याचा वास यायचा. लहानपणी मला तो वास आला की शाळेला सुट्टी लागली असं वाटायचं.

पण हे सगळं करायला उतरता, मातीचा किंवा वाळूचा काठ लागतो, आणि सावलीचं एखादं झाड. सावली का, तर होडी उन्हात तापली की फळ्या आकसतात आणि सांधे उघडे पडतात. मेस्तकाका नेहमी सांगायचे, "सांदो सुकूंक दिवं नाका." म्हणूनच होड्या उंडीच्या झाडाखाली असायच्या, ती झाडं काही कुणी शोभेसाठी लावली नव्हती. उंडीच्या बियांचं तेल सांध्याला चालतं आणि तिच्या वाकड्या फांद्या होडीच्या वांकांना चालतात, म्हणजे होडीच्या आतल्या कमानींना, कारण झाडावरच वाकलेलं लाकूड हे कापून वाकवलेल्या लाकडापेक्षा जास्त टिकतं. काठाचं कॉंक्रीट करताना आमच्याकडची तीन उंडीची झाडं गेली. तिन्ही.

होडी कशी बनते तेही दोन ओळीत लिहितो कारण नव्या पोरांना वाटतं की फळ्या खिळ्यांनी ठोकल्या की झाली होडी. आमच्याकडची जुनी नदीतली होडी म्हणजे खाली आंब्याचं एकच खोड कोरलेलं आणि वरून दोन्ही बाजूंना फळ्या चढवलेल्या. त्या फळ्या काथ्याने शिवायच्या. भोकं पाडून, दोरी ओढून, आतून सुंभाची वात धरून, शिवणच ती. पुढे खिळे आणि बोल्ट आले, शिवलेल्या होड्या कमी झाल्या. पण शिवलेल्या होडीची एक गंमत होती, ती चिखलात रुतली किंवा दगडाला घासली तर थोडी लवते आणि परत जागेवर येते, खिळ्याची फाटते. कालव्यात सुकतीच्या, म्हणजे ओहोटीच्या वेळी अर्धं पात्र म्हणजे चिखल, तिथे हा फरक पोटापाण्याचा आहे. काठावर बसलेल्या माणसाला पाणी दिसतं, होडीतल्या माणसाला त्याच्याखालचा चिखल दिसत असतो, मगरी पण त्याच्यातच पडलेल्या असतात आमच्या कालव्यात.

फायबरच्या होडीबद्दल मी वाईट लिहिणार नाही. माझ्या चुलतभावाकडे फायबर आहे, दोघांनी उचलली की उचलते, कीड लागत नाही, दर वर्षी तेल नको. सत्तर वर्षांच्या माणसाला लाकडी होडी ओढ म्हणणं बरोबर नाही. केंद्राची मत्स्य संपदा योजना २०२० मध्ये सुरू झाली, तिच्यात पारंपरिक मच्छीमारांना जुन्या होडीच्या बदल्यात नवी होडी आणि जाळी द्यायची तरतूद आहे, ज्यांना पाहिजे त्यांनी जरूर घ्यावी. पण "बदली" हा एकच शब्द आमच्या कानावर येतो. जुनी होडी नीट करून वापरायची आहे असं म्हणणाऱ्याला काय? लाकडी होडीचं नुकसान फळीफळीने होतं आणि दुरुस्तीसुद्धा फळीफळीने होते, कर्ज नको, गावातलं झाड, गावातला मेस्त, एका आठवड्याची मजुरी. बाबांच्या होडीच्या वरच्या फळ्या तीन वेळा बदलल्या होत्या. फायबर फुटली की ठिगळं मारता येतात काही काळ, पण शेवटी ती कुठे जाते ते तुम्ही खारफुटीत जाऊन बघा, पांढरे तुकडे चिखलात रुतलेले, ते कुजत नाहीत, चुलीत घालता येत नाहीत, कुणी भंगारवाला घेत नाही. आणि अजून एक, हलकी होडी वाऱ्याला आणि ओढीला लगेच फिरते. नाळेवर उभं राहून पागेर, म्हणजे फेकायचं जाळं, मारायचा असेल तर पायाखाली वजन लागतं. हे मला बाबांनी सांगितलं होतं तेव्हा पटलं नव्हतं, भावाच्या होडीतून पागेर मारायला गेलो आणि पाण्यात पडलो तेव्हा पटलं.

आता एक मोठी गोष्ट, जी तुम्ही पेपरात वाचली असेल. अजिंठ्याच्या लेण्यात पाचव्या शतकातलं एका जहाजाचं चित्र आहे, त्याच्यावरून भारतीय नौदलाने एक शिवलेलं शिडाचं जहाज बांधून घेतलं. कौंडिण्य. ते बांधलं कुठे, तर आपल्या दिवाडी बेटावरच्या यार्डात, मांडवीच्या काठी. सप्टेंबर २०२३ मध्ये त्याचा पठाण, म्हणजे तळाचा कणा, घातला, फेब्रुवारी २०२५ मध्ये ते पाण्यात उतरलं, २१ मे २०२५ ला कारवारला नौदलात दाखल झालं आणि डिसेंबरात पोरबंदरहून मस्कतला निघालं. एकही खिळा नाही, फळ्या काथ्याने शिवलेल्या, सांध्यांना राळ आणि तेल. मी ती बातमी बाबांना वाचून दाखवली, ते बराच वेळ काही बोलले नाहीत, मग म्हणाले, शिवली कोणी? मी म्हटलं, केरळहून कारागीर आणले होते. केरळच्या त्या कारागिरांचं मला मनापासून कौतुक आहे, त्यांनी विद्या जपली म्हणून ते जहाज झालं, आणि अशा कामाला सगळ्यात तयार हात बोलवायला पाहिजेत ते बरोबरच आहे. पण होडी शिवणारे हात आमच्या काठांवरही होते ना. रांपणीच्या, म्हणजे किनाऱ्यावरून ओढायच्या मोठ्या जाळ्याच्या, होड्या शिवायचे, नदीतल्या शिवायचे. ज्या दिवाडीवर ते जहाज झालं तिथून फेरीने दोन-तीन काठ ओलांडले की मेस्तकाकांचं घर लागतं. ते आज घरांच्या खिडक्या-दरवाजे करतात, कारण होडीचं काम वर्षाला एखादं येतं, आणि त्यांचा मुलगा तेसुद्धा करत नाही, तो ॲल्युमिनियमचं काम करतो. हा विषय दिल्लीतल्या कुठल्या खात्यावर सोडून चालणार नाही, कारण मेस्तला लागणारी जागा आणि लाकूड दोन्ही गावात आहे, तुमच्या हातात आहे.

लाकडाचं बघा. दर पावसाळ्यात आपल्या गावात आंब्याची, फणसाची झाडं पडतात, विजेच्या तारांवर पडली की तुम्हीच माणसं पाठवता. ते खोड तिथल्या तिथे चेनसॉने दोन-दोन फुटांचे तुकडे करून नेतात, जळाऊ म्हणून. सरळ वाढलेलं, पोकळ न झालेलं वीस फुटांचं आंब्याचं खोड म्हणजे एक होडी असते हो. नव्याने झाड तोडायला १९८४ च्या झाडांच्या कायद्याखाली परवानगी लागते, लागलीच पाहिजे, मी झाडं तोडा म्हणतच नाही. पडलेलं झाड कापायच्या आधी मेस्तला एक फोन करा, तो येऊन बघेल, त्याच्या कामाचं असलं तर लांबच्या लांब ठेवा, नसलं तर खुशाल फोडा. ह्याला बजेट लागत नाही.

खाजन शेती, म्हणजे बांध घालून खाऱ्या पाण्यापासून राखलेली शेतं, ज्या गावात आहे तिथल्या पंचांना तर मी हे जास्त कळकळीने सांगतोय. बांध फुटला की तुमच्याकडे धावत कोण येतं? कुळं येतात, शेतात खारं पाणी शिरलं म्हणून. बांधाला लागणारा चिखल पूर्वी होडीतून यायचा, सुकतीला नदीतून भरायचा आणि भरती आली की बांधाला होडी लावून रिकामी करायची, रस्ता जिथे पोचत नाही तिथे अजून दुसरा मार्ग नाही. मानशीच्या, म्हणजे बांधातून पाणी आत-बाहेर सोडायच्या वाटेच्या, दारांची फळी बदलायला जो सुतार येतो तो बहुतेक वेळा होडीचाच मेस्त असतो, खाऱ्या पाण्यात कुठलं लाकूड टिकतं हे त्यालाच माहीत. खाणींचा जोर होता तेव्हा खनिज नेणाऱ्या बार्जांच्या लाटांनी बांध खचायचे, तेव्हा रात्री कंदील घेऊन बांध तपासायला आमचे लोक होडीतूनच फिरायचे. होडी गेली, मेस्त गेला, की मानशीलाही माणूस मिळणार नाही, मग निविदा काढाल आणि कॉंक्रीट ओताल, आणि बांध चिखलाचा असतो तो का असतो हे कुणाला आठवणार नाही.

आणखी एक गैरसमज. नदीत लाकडी होडी दिसली की लोक लगेच रेतीचं नाव घेतात. बेकायदा रेती काढणाऱ्या होड्या आहेत, त्यांच्यावर कारवाई होते, व्हायला पाहिजे, त्यांनी काठ खचवलेत आणि आमचं मासळीचं पात्र खणून काढलंय. पण रेतीची होडी रुंद पोटाची आणि मोठी असते, तिच्यात जाळं नसतं, आणि आमची अरुंद असते. ज्यांना नदी माहीत आहे त्यांना लांबून फरक कळतो. गावचे पंच म्हणून तुम्ही तो फरक बाहेरून येणाऱ्या अधिकाऱ्यांना सांगू शकता.

सणावाराला मात्र आपल्याला होड्या आठवतात. कुंभारजुव्याचा सांगोड तुम्ही बघितलाच असेल, चतुर्थीच्या गणपतीच्या विसर्जनाला दोन-दोन होड्या एकत्र बांधून त्यांच्यावर पौराणिक देखावे, काठावर मुंगीला शिरायला वाट नाही इतकी गर्दी. तिकडे बार्देस तालुक्यात २९ जूनला सांपेद्राच्या, म्हणजे सेंट पीटरच्या फेस्ताला ख्रिस्ती मच्छीमार तसाच सांगोड बांधतात, होड्या जोडायच्या आणि वर माटव. हिंदू असो ख्रिस्ती असो, खालच्या होड्या सारख्याच. मी लहान असताना आमची होडी सांगोडाला गेली होती, बाबांनी आधी दोन दिवस ती घासली होती, नाळेला हळद-कुंकू लावलं होतं. सांगोडाला होड्या पाहिजेत तर उरलेले ३६४ दिवस त्या कुठे राहणार ह्याचा विचार पण आपणच करायचा ना.

जून-जुलैमध्ये, म्हणजे १ जून ते ३१ जुलै, समुद्रातले ट्रॉलर बंद असतात. त्या दोन महिन्यांत बाजारात बर्फातली परराज्यातली मासळी येते, आणि ताजी मासळी म्हणून जे काही गावात मिळतं ते नदीतून आणि खाजनातून येतं, चणक, शेवटं, सुंगटं, पावसातली कुर्ली. ती पकडणारी माणसं आता हाताच्या बोटांवर मोजायची आली आहेत आणि त्यातली अर्धी साठीच्या पुढची आहेत, निदान आमच्या काठावर तरी.

२०१६ च्या कायद्याने देशात १११ राष्ट्रीय जलमार्ग झाले, त्यात गोव्यातल्या सहा नद्या आहेत. तेव्हा तुमच्यातल्या कितीतरी पंचायतींच्या ग्रामसभांनी विरोधाचे ठराव घेतले होते, मीही हात वर केला होता. नदी आमची आहे असं आपण तेव्हा म्हटलं होतं. मग त्या नदीच्या काठावर आपल्याच निधीतून आपणच भिंत घालतो तेव्हा होडीवाल्याने कुठे जायचं? भरतीचं पाणी पोचतं तिथे सीआरझेड, म्हणजे किनाऱ्यावरच्या बांधकामांचे नियम, लागतो हे तुम्हाला मी सांगायची गरज नाही, त्या नियमांचा कागद फक्त गरिबाच्या झोपडीला दाखवू नका, सुशोभीकरणाच्या फाइललाही लावा.

मागणी फार मोठी नाही. काठाचं कुठलंही काम काढायच्या आधी तिथे कुणाच्या होड्या लागतात हे वाड्यावर जाऊन विचारा, आणि प्रत्येक वाड्याला तीस-चाळीस फुटांचा उतरता काठ, झाडासकट, मोकळा सोडा. भिंत घालायचीच असेल तर मध्ये उतार ठेवा, इंजिनियरला सांगितलं तर ते अर्ध्या तासाचं ड्रॉइंग आहे. आणि २००२ च्या जैवविविधता कायद्याने प्रत्येक पंचायतीत एक समिती आहे, तिची लोक जैवविविधता नोंदवही असते, त्यात झाडं, मासे, औषधी पाला लिहितात. त्या वहीत पारंपरिक ज्ञानालाही जागा आहे. तिथे होडी लिहा. कुठलं लाकूड कशाला, सांधा कसा भरायचा, जाळ किती द्यायचा, कुठला मेस्त अजून हे करतो. मेस्तकाका शहात्तर वर्षांचे आहेत. मी त्यांचं बोलणं फोनवर रेकॉर्ड करायला सुरुवात केली आहे, आतापर्यंत चार रविवार झाले, पण ते बोलताना हाताने दाखवतात आणि हातात लाकूड नसलं की अडखळतात. त्यांना एक होडी बांधायला दिली आणि शेजारी दोन पोरं मदतीला बसवली तर जे लिहून येईल ते माझ्या रेकॉर्डिंगने येणार नाही.

आमच्या वाड्यावर देवळामागे गेल्या पावसात एक आंबा पडला आहे. खोड साधारण बावीस फूट, सरळ, मेस्तकाकांनी काठीने ठोकून बघितलं, आत पोकळ नाही. मालक द्यायला तयार आहे. आम्ही त्याच्यावर झावळं घातली आहेत उन्हाने तडकू नये म्हणून. पुढच्या रविवारच्या ग्रामसभेत मी आमच्या पंचायतीकडे मागतोय ते एवढंच, की ते खोड जिथे नेऊन कोरता येईल अशी काठावरची एक जागा द्या, आणि होडी झाल्यावर तिथूनच ती पाण्यात उतरवू द्या. तुमच्या पंचायतीत असं खोड पडलं असेल तर तुमच्या मेस्तला बोलवा, आणि तुमच्याकडे मेस्त उरला नसेल तर आमच्याकडे कळवा, मेस्तकाका येतो म्हणालेत, फक्त त्यांना बसने पाठवू नका, गाडी पाठवा, गुडघे दुखतात त्यांचे.

तुमचा,
कालव्याकाठचा एक होडीवाला